भाकरीपर्यंतची प्रार्थना

आमच्या घरात प्रार्थनेचा एक कायदा होता आणि तो आईने केलेला होता. मन लागलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणताना मी पापणीच्या फटीतून भिंतीवरची पाल बघितली, तर आईला ती पाल माझ्या आवाजात ऐकू यायची. ती हात वर करायची, मी थांबायचे. मन कुठंय तुझं, असं विचारायची आणि मग म्हणायची, म्हण पहिल्यापासनं. बाबांनाही यातून सूट नव्हती. ते साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. घरी येईपर्यंत अंगातलं सगळं पाणी घामावाटे गेलेलं असायचं, आणि प्रार्थनेत त्यांची मान हळूच छातीवर टेकायची. आई त्यांच्यासाठी हात वर करायची नाही, फक्त खाकरायची. ते दचकून जागे व्हायचे आणि मुकाट्याने पहिल्यापासून सुरू करायचे. जेवण त्यानंतर. टोपलीतल्या भाकरी तोवर निवून जायच्या.

आम्ही अंबडला राहतो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून कढीपत्त्याचं झाड. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. बाकी सगळी शेतकरी कुटुंबं, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला आलेली. ती आम्हाला चर्चवाले म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, आम्हालाही. दिवाळीचं ताट आमच्याकडे येतं, नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. उपासनेला मात्र जालन्याला जावं लागतं. आई वर्षानुवर्षं रविवारी पांढरं पातळ नेसून, शास्त्र, म्हणजे बायबल, पिशवीत घालून एसटीत बसली. खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर बघायची नाही. उपासनेला जाताना मन विस्कटू द्यायचं नसतं, म्हणायची.

मी तिची मुलगी, पण माझं मन कधी जागेवर राहिलंच नाही. हायस्कूलला मराठी शिकवते. डोळे मिटले की तपासायचे राहिलेले पेपर समोर येतात, त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका येतात, मुख्याध्यापकांचं बोलणं येतं आणि त्याला मी द्यायला हवं होतं ते उत्तरही येतं, तेही अगदी मुद्देसूद. शिवाय आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नसतो. तो नेमका प्रार्थनेच्या वेळी येतो. गल्लीत ओरडा होतो, हंडे वाजायला लागतात आणि माझं निम्मं मन मोटारीचं बटण दाबायला निघून जातं. आई जागची हलायची नाही. प्रभूशी बोलताना नळाकडे पळणं तिला जमत नसे. शेजारच्या वहिनी आमचे हंडे भरून ठेवायच्या. तेव्हा मला वाटायचं, आईचा विश्वास टिकतोय तो वहिनींच्या जिवावर. पण हे बोलायची हिंमत नव्हती.

अशी ती आई तीन-चार वर्षांपासून विसरायला लागली. आधी चष्मा विसरली, मग गॅस बंद करायला, मग गल्ली. एकदा बसस्टँडवरून वहिनींच्या दिराने तिला घरी आणून सोडलं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच होत जाणार. जवळचं आधी पुसलं जाईल, लांबचं नंतर. औषधाने वेग कमी होईल, एवढंच. मी विचारलं, प्रार्थना राहील ना? डॉक्टर जरा गोंधळले. पाठ असलेल्या गोष्टी बराच काळ राहतात, म्हणाले. मला तेवढं पुरेसं वाटलं. परतीच्या बसमध्ये मी मनाशी ठरवलं की बाकी सगळं जाऊ दे, माझं नावसुद्धा जाऊ दे, पण प्रभूची प्रार्थना मी तिची जाऊ देणार नाही. रोज संध्याकाळी तिच्याकडून म्हणून घेईन. शेवटपर्यंत, आमेनपर्यंत. ती जाईल तेव्हा ती प्रार्थना तिच्या तोंडात असली पाहिजे. मला दुसरं काही नको होतं.

सुरुवातीला जमलंही. मी सुरू करायची, ती मागोमाग यायची. मान ताठ, हात मांडीवर जोडलेले, तोच जुना ठणठणीत आवाज. घरातलं काहीही हरवलेलं असो, तेवढा वेळ माझी आई मला परत मिळायची.

मग एका संध्याकाळी ती मध्येच थांबली. प्रार्थनेत भाकर मागायची ओळ येते ना, रोजची भाकर, तिथे. "भाकर" म्हणाली आणि डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

"भाकर टाकायची राह्यली का गं?"

मी म्हटलं, आई, भाकरी टाकून झाल्यात, बस, प्रार्थना चाललीय. ती बसली, पण पुढे गेली नाही. भाकरीनंतर क्षमेची ओळ येते. मी ती सुरू केली, तरी तिचं लक्ष स्वयंपाकघराकडेच. "ते येतील," म्हणाली. कोण येणार, हे मला कळलं होतं. बाबांचं नाव तिने कधी घेतलं नाही. हे, नाहीतर ते.

त्या दिवसापासून आमची प्रार्थना भाकरीपर्यंतची झाली. रोज तिथवर यायचो आणि रोज तिथेच अडकायचो. मग मला तिचाच कायदा आठवला आणि मी तो तिला लावला. मी हात वर करायची, आई, मन लाव, म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून. बिचारी निमूट पहिल्यापासून सुरू करायची. स्वर्ग यायचा, राज्य यायचं, इच्छा यायची आणि भाकर आली की गाडी बंद. काही संध्याकाळी इतक्या वेळा पहिल्यापासून म्हणायला लावलं की ती रडकुंडीला यायची, आणि मी तिच्या आधी.

बाबा जाऊन तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा संभाजीनगरला डी.एड.च्या होस्टेलवर होते. त्याला तेव्हा औरंगाबाद म्हणत. गाळपाचा हंगाम होता, रात्रपाळी होती. बाबा अंकुशनगरला कामगारांच्या गाडीतून उतरले आणि कारखान्याच्या फाटकापाशीच छातीत कळ येऊन खाली बसले. एवढंच मला सांगितलं गेलं होतं आणि एवढंच मला माहीत होतं. आई त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. मीही उकरून काढलं नाही. प्रभूची इच्छा, असं ती म्हणायची आणि विषय मिटायचा.

आता ती रोज विचारायला लागली की ते आले का. मी खरं सांगायची. आई, बाबा गेले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची आणि तिला ते नव्याने कळायचं. रोज नव्याने. कपाळावर हात मारून घ्यायची, कधी गेले विचारायची, मला कुणी सांगितलं न्हाई, म्हणायची. थोड्या वेळाने विसरायची आणि पुन्हा विचारायची. वहिनी हे भिंतीपलीकडून ऐकत असत. एकदा त्यांना राहवलं नाही. येतील म्हणा ना मॅडम, म्हणाल्या, त्यात काय बिघडतं, म्हाताऱ्या माणसाचा जीव कशाला रोज जाळता? मला राग आला. मी सांगितलं की आमच्याकडे खोटं बोलत नाहीत, आणि ज्या बाईने मला खोटं बोलायचं नाही हे शिकवलं तिच्याशी तर नाहीच नाही. वहिनी बरं म्हणाल्या आणि वाटीत आणलेलं वरण ठेवून गेल्या. त्यांच्या पाठमोऱ्या पदराकडे बघताना मला वाटलं, ही बाई माझ्या आईवर माझ्यापेक्षा सोपं प्रेम करते.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, मी आईला जालन्याला न्यायचं ठरवलं. घरात अडकलेली प्रार्थना कदाचित मंडळीत पुढे जाईल, अशी वेडी आशा. रिक्षा ठरवली, पांढरं पातळ नेसवलं. वाटेत ती शहाण्यासारखी बसली, बाहेर मात्र एकसारखी बघत होती. पूर्वी कधीच न बघितलेले पेट्रोलपंप, कापसाच्या जिनिंगच्या भिंती, रसवंत्या बघून हरखत होती. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

उपासनेत ती गाण्याला टाळ्या वाजवत होती, म्हातारपणी कुणी रागवत नाही. मग प्रभुभोजन आलं. आमच्याकडे ताटलीत पावाचे लहान तुकडे असतात, पण चर्चचे पाळकसाहेब त्याला भाकरच म्हणतात. शास्त्रात भाकर आहे, म्हणून पावालाही भाकर. मी जन्मापासून हे ऐकत आले आणि त्यात काही वेगळं आहे असं मला कधी जाणवलंच नव्हतं. ताटली आईपुढे आली, पाळकसाहेबांनी भाकर हा शब्द उच्चारला, आणि आईने तुकडा उचलला, नीट बघितला, पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारली.

मी कुजबुजले, आई, खा तो. ती म्हणाली, "त्यांच्यासाठी ठिवलाय." हळू नाही, चांगलं मोठ्याने. पुढच्या दोन बाकांवरच्या बायका वळल्या. मी गाठ सोडायला गेले तर तिने मूठ आवळली. हाडं राहिलेल्या त्या मुठीत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. पाळकसाहेब तरुण आहेत, चांगले आहेत. ते क्षणभर थांबले, मग ताटली पुढे नेली. दुसरं काय करणार होते? मी तोंडातला तुकडा गिळला आणि डोळे मिटले. प्रभूच्या देहाचं स्मरण करायच्या त्या घटकेला माझ्या डोक्यात फक्त एक गाठ होती, पदराची.

घरी आल्यावर तिने गाठ सोडली, तुकडा ताटात ठेवला, वर दुसरं ताट झाकलं. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या तुकड्याचं काय करावं, मला समजेना. फेकवेना, ठेववेना. पाळकसाहेबांना फोन केला. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणाले, आणि मग म्हणाले, मी प्रार्थना करतो तुमच्यासाठी. मी फोन ठेवला आणि तो तुकडा मुंग्यांसकट कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरला. आई ओट्यावर बसून बघत होती. काय लावून राह्यलीस, असं तिने विचारलं. मी हाताने माती दाबून घेतली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी दिवसभर घरी होते. एका दुपारी आई जवारी निवडत बसली होती. निवडायला तसं काही नव्हतं, पण हाताला काम दिलं की ती शांत राहायची. बोटं दाण्यांत फिरत होती. आणि एकदम, मी काहीही विचारलेलं नसताना, ती अगदी पूर्वीच्या आवाजात बोलायला लागली.

"त्या दिशी त्यांचं मन न्हाई लागलं. घड्याळाकडं बघत व्हते. म्या म्हन्लं, पहिल्यापासनं म्हणा. त्यांनी म्हन्लं. भाकरीपोतर आले अन् गाडीचा हारन वाजला. तसेच उठले. म्या हाक न्हाई मारली. प्रार्थना सोडून गेले म्हणून म्या हाकच न्हाई मारली. उपाशी गेल्ते."

मी काही बोलायच्या आत तिने एक खडा उचलून बाजूला टाकला, तो खडा नव्हता, दाणाच होता, आणि मला विचारलं, तू कुणाची गं?

मी मोरीत जाऊन नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं, नुसती हवा सुसकारत होती. तीस वर्षं ही बाई रोज संध्याकाळी ती प्रार्थना म्हणत होती. रोज त्या भाकरीवरून पाय टाकून क्षमेच्या ओळीवर जात होती, न अडखळता, ताठ मानेने. आणि मला वाटायचं की तिचं मन किती लागतं. आता पाय टाकायची शक्ती गेली होती, एवढंच झालं होतं. आणि मी हात वर करून तिला रोज पहिल्यापासून म्हणायला लावत होते.

त्या संध्याकाळी मी प्रार्थना आधी घेतली नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. मी भाकरी टाकायला बसले. माझ्या भाकरी म्हणजे काही विचारू नका, एक जाड, एक फाटलेली. पिठलं केलं, ठेचा होता. आई दारात येऊन उंबऱ्याशी बसली आणि तव्याकडे बघत राहिली. भाकर फुगली तशी तिचा चेहराही उजळला. मी ताट वाढलं आणि तिच्यापुढे ठेवायला गेले. तिने ते दोन्ही हातांनी माझ्याकडे परत सरकवलं.

"बसा तुम्ही," म्हणाली. "आधी जेवून घ्या."

आई मला आयुष्यभर तू म्हणत आली. तू कुणाची गं, हे विचारतानाही तूच. हा तुम्ही माझा नव्हता. तो कुणाचा, ते मला कळलं. आता सांगायला हवं होतं, आई, मी बाबा नाही, बाबा गेले. माझा इतक्या दिवसांचा नेम होता तो. ओठांपर्यंत आलंही. पण ती पदराने ताटावर वारा घालत होती, बाहेर उकाडा होता आणि पंखा बंद होता. मी बसले. मी खोटं काही बोलले नाही, फक्त जेवले. ती म्हणत होती, सावकाश, अजून हारन न्हाई वाजला.

ताट संपलं तेव्हा तिने ते स्वतः उचललं. मग दाराकडे बघून म्हणाली, "जावा आता. गाडी चुकन."

आता कुठे जाणार मी? पण ती वाट बघत होती. मी उठले, चपला हातात घेतल्या आणि ओट्यावर आले. आईने मागून दार लोटून घेतलं. दिवेलागणीची वेळ होती, गल्लीत पोरांचं क्रिकेट संपत आलं होतं. वहिनी त्यांच्या दारातून काय झालं म्हणून खुणेने विचारत होत्या. मी काही नाही अशी मान हलवली.

आणि आतून आवाज आला. आई प्रार्थना म्हणत होती. एकटी. पहिल्यापासून नाही, भाकरीच्या पुढून. मी दाराला कान लावला. क्षमेची ओळ, आमची ऋणं सोड ही, तिने अर्धी म्हटली आणि सोड या शब्दावर थांबली. "सोड," म्हणाली. मग ओळ विसरून गेली आणि तिचं तीच बोलायला लागली. "सोड प्रभू. म्या हाक न्हाई मारली. सोड." पुढे काही जाईना. सोड, सोड, एवढंच. जुन्या तबकडीवर सुई अडकावी तसं.

पुढची ओळ मला येत होती. झोपेतून उठवलं तरी येते. पण ती बाहेरून सांगितली असती तर ती माझी झाली असती, तिची नव्हे. आत जाऊन तिला जवळ घ्यावं, तर जो गाडीला गेलाय तो परत कसा आला? मी शाळेत लिंगाच्या चुकांखाली लाल रेघ मारणारी बाई. दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हटलं, "जेवलो गं मी. पोटभर जेवलो."

आत सगळं थांबलं. मला वाटलं, आता. आता पुढची ओळ येईल, मग त्याच्या पुढची, आणि मग तो एक शब्द. मी डोळे मिटले. खरं सांगते, त्या घटकेला नळ नव्हता, पेपर नव्हते, गल्ली नव्हती. माझं मन एवढं कधीच लागलं नव्हतं.

दाराच्या अगदी जवळून आईचा आवाज आला. शांत, समजूतदार, तरण्या बाईचा.

"मंग बरं झालं. अन् पोरगी? ती आली का वो होस्टेलवरून? तिला यिऊ द्या. तिच्याबिगर आमेन न्हाई म्हणायची म्या."

मी तोंड उघडलं, पण मी येते म्हणू की ती येईल म्हणू, मला ठरवता आलं नाही. आत ती वाट बघत बसली, आणि मी चपला हातात धरून दाराबाहेर उभी राहिले.